पाच टक्क्यांतलं बोलणं

सानिकाने स्टूल उचललं आणि खिडकीच्या समोर आणून ठेवलं. उजेड पाठीमागून आला तर हात नुसते काळे दिसतात. तो तोंडावर आणि बोटांवर पडायला हवा. शाळेच्या त्या लांबट खोलीत ग्रामसभेसाठी पन्नासेक माणसं जमली होती. बहुतेक बायाच. पुरुष होते ते म्हातारे, बाकीचे मुंबईला.

"मी कुणाकडे बघून करायचं?" तिने ग्रामसेवकाला विचारलं.

हर्षद ग्रामसेवकाने कागदांतून मान वर न काढता पहिल्या बाकाकडे पेन रोखलं. "दादूकाका. गावात ऐकू न येणारे तेवढेच."

पहिल्या बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा, गुडघ्यांवर दोन्ही पंजे. जन्मभर जाळी ओढून तळव्यांची कातडी जाड झालेली. सानिकाने मान लववून नमस्कार केला. त्यांनीही केला.

सरपंच तुळसाबाई उठल्या. "पंचायतीच्या पैशातले पाच टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. आजवर आपण त्यातनं दरसाल चादरी वाटल्या. दादूकाकांच्या घरी सहा तरी झाल्या असतील. पण गावचा पैसा कुठं जातो ते त्यांना कधी कुणी सांगितलं? त्यांचापण हक्क हाय तो. म्हणून औंदा खुणांची भाषा येणाऱ्या बाई रत्नागिरीहून बोलावल्यात."

"एका माणसासाठी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"एका माणसासाठी," तुळसाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

हर्षद पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक वाचू लागला. सानिकाचे हात चालू झाले. खालच्या वाडीची पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, विहिरीचा पंप, अंगणवाडीचं छप्पर, महिला व बालकल्याणाचे दहा टक्के. आकडे ती सावकाश मांडत होती, पायऱ्या बोटांनी चढून दाखवत होती. दादूकाका एकटक बघत होते. एक बाब संपली की ते होकारार्थी मान हलवायचे आणि किंचित हसायचे, मग ती पुढे जायची.

किती दिवसांनी तिचे हात कुणाशी बोलत होते! सानिकाचे आईवडील दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे. ती आधी हातांनी बोलायला शिकली, तोंडाने नंतर, शेजारच्या घरी. वडील ती कॉलेजात असताना गेले. आई, विमला, गेल्या चैत्रात गेली. त्यानंतर रत्नागिरीत, मांडवीच्या त्या दोन खोल्यांत टीव्हीचा आवाज असायचा, बोलणं नव्हतं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटर, संध्याकाळी कुलूप उघडायचं, भात लावायचा. कधी भात शिजेपर्यंत तिचे हात आपोआप उचलले जात आणि समोर कुणी नाही हे कळून पुन्हा खाली येत. इथून फोन आला तेव्हा मानधन किती ते विचारायचंही तिला सुचलं नव्हतं. हात उठून दिसावेत म्हणून तिने रात्रीच गडद निळा, बिनफुलांचा कुडता इस्त्री करून ठेवला होता.

तासाभराने वाचन संपलं. खांदे भरून आले होते, पण तिला आणखी तासभर चाललं असतं.

"आता सूचना," तुळसाबाई म्हणाल्या. "पहिली दादूकाकांची. विचारा त्यांना, काय हवं."

सानिकाने विचारलं. दादूकाकांनी तशीच होकारार्थी मान हलवली.

तिला वाटलं, आपली खूण घाईत झाली. तिने पुन्हा विचारलं, तुमच्यासाठी पंचायतीने काय करावं? मान हलली. तुमचं नाव काय? मान हलली. तिने क्षणभर थांबून विचारलं, तुम्ही काल जन्मलात का?

दादूकाकांनी मान हलवली. हसूही तेच.

सानिकाचे हात मांडीवर येऊन पडले. खोलीतली माणसं वाट बघत होती.

"काय म्हणतायत?" हर्षदने पेन तयार ठेवलं होतं.

"त्यांना ही भाषा येत नाही," ती म्हणाली. "कुणी शिकवलीच नाही."

बायांत कुजबुज झाली. तुळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "शिकवणार कोण? शहरात शाळा होती म्हणत, पण तेव्हा नेणार कोण? वहिनी होती त्यांची, गोदूबाई. दोघांच्या आपल्या खुणा होत्या, घरातल्या. तिलाच सगळं कळायचं. ती दोन वर्सं झाली, लेकाकडं विरारला गेली. माज्या ध्यानातच आलं नाय हे."

"मग तासभर मान कशाला हलवत होते?" हर्षद म्हणाला.

दादूकाका बाकावरून उठले. सानिकाच्या समोर आले, वाकले, आणि तिची दोन्ही मनगटं दोन दोन बोटांत धरून त्यांनी तिचे हात मांडीवरून वर उचलून हवेत ठेवले. मग परत जागेवर जाऊन बसले आणि बघत राहिले.

हर्षदने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"सूचना काय लिहू, मॅडम?"

सानिकाने हात तसेच वर ठेवले. "लिहा, त्यांच्याशी बोलायला माणूस हवं."

"हे कुठल्या शीर्षाखाली बसवू?"

"पाच टक्क्यांत," तुळसाबाई म्हणाल्या. "चादरींच्या जागी घाला. आठवड्यातनं एक दिवस."

"घालतो. पण त्या मानधनात इतक्या लांब येणार कोण?" हर्षदने सानिकाकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मला त्यांचं बोलणं येत नाही," ती म्हणाली. "आधी मलाच शिकावं लागेल."

हर्षदने ओळ लिहिली. सभा पुढे पंपाच्या वादाकडे वळली.

चारच्या एसटीला अवकाश होता. सानिका शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने दादूकाका तिच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी डोक्यावरून पदर ओढल्यासारखं केलं, मग परातीत भाकरी थापल्यासारखं, आणि हात लांब उत्तरेकडे, विरारच्या दिशेने केला. गोदूबाई. सानिकाने तसंच करून दाखवलं. त्यांनी मान जोरात आडवी हलवली, तिची बोटं धरून पदर थोडा मागे सरकवला. हां. मग होडी, ओहोटी, गावातला पोस्टमन, सरपंच. चुकलं की ते मांडीवर हात आपटून हसत आणि पुन्हा शिकवत. सदऱ्याची बाही त्यांनी केव्हाच वर सरकवली होती.

एसटी आली. सानिका चढताना त्यांनी एक खूण केली: तळवा आधी स्वतःच्या डोळ्यांवर, मग छातीवर, मग तिच्या दिशेने उघडा. तिने विचारायच्या आत दार बंद झालं.

खिडकीशी बसून ती मांडीवर एकेक खूण करून बघत होती. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीने जरा वेळ पाहिलं.

"काय मोजतेस गो?"

"मोजत नाही, आजी. शब्द पाठ करतेय."

"किती झाले?"

"नऊ," सानिका म्हणाली. "एकाचा अर्थ अजून विचारायचा राहिलाय."

"कोणाला?"

सानिकाने हात वर घेतले, आणि मग आजीला तोंडानेच सांगावं लागेल हे लक्षात येऊन म्हणाली, "दादूकाकांना. शनिवारी परत येणार आहे मी."