बदली क्रमांक चार

मी एक बदली लॅपटॉप बोलतोय. कुणाचा म्हणाल, तर कुणाचाच नाही. ऑफिसात एखाद्याचा लॅपटॉप बिघडला की तो दुरुस्त होईपर्यंत मला त्याच्या हाती देतात. माझ्या पाठीवर पांढरी पट्टी आहे आणि तिच्यावर ‘बदली ४’ लिहिलंय. एक, दोन आणि तीन केव्हाच भंगारात गेले.

तरुणपणी मी विक्री विभागाच्या साहेबांकडे होतो. ते जेवता जेवता काम करायचे. त्यांच्या घासांचे कण अजून माझ्या बटणांखाली आहेत. त्यांना नवा मिळाला आणि माझी रवानगी सपोर्ट विभागाच्या लोखंडी कपाटात झाली. तिथला नियम कडक. परत आलेला लॅपटॉप त्याच दिवशी कोरा करायचा, आधीच्या माणसाचं एक अक्षरसुद्धा पुढच्याला दिसता कामा नये. मी असा किती वेळा कोरा झालो, त्याची गणतीच नाही. पण पुसतात ते लिहिलेलं. ऐकलेलं कोण पुसणार? आणि कुणाचं बोट त्याच त्या बटणावर पुन्हा पुन्हा पडलं, तर तेही माझ्या अंगाला चांगलं आठवतं.

हा नियम विभागाच्या मॅनेजर मॅडमनी केला होता. बिचारीचा सगळा दिवस दुसऱ्यांची बोलणी खाण्यात जायचा. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, स्क्रीन काळी पडली, की लोक त्यांच्यावर असे खेकसायचे, जणू बाईंनी स्वतः येऊन वायर कापलीय. सगळं सुरळीत चालू असलं की मात्र त्यांची आठवणही कुणाला यायची नाही. त्यांच्या स्वतःच्या घरातला कॉम्प्युटर चार महिने बंद होता. नवरा एकदा फोनवर म्हणाला, “आम्ही तक्रार कुठे नोंदवायची, तेवढं सांगून ठेव.” त्या हसल्या नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो तो त्यांच्या वडिलांमुळे. बाबा पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होते. जमिनीखालच्या नळांच्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. कुठली चावी कुठल्या झाकणाखाली आहे आणि कुठली उलटी फिरते, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आई गेल्यापासून ते मुलीकडेच राहत होते. मॅडम घरी आल्या की ते खुर्ची ओढायचे.

“ठमे, बस ना जरा. तुला एक सांगायचंय.”

“बाबा, आत्ता मीटिंग आहे. तुम्ही लिहून का नाही ठेवत? मी सावकाश वाचीन.”

हे इतक्या वेळा झालं की एक दिवस बाबांनी ते मनावरच घेतलं. “बरं, लिहितो. पण माझं अक्षर तुला लागायचं नाही. मशीन दे.”

मॅडमनी मला सात दिवसांसाठी घरी नेलं. माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे कागदी स्टिकर चिकटवले आणि कसं लिहायचं ते बाबांना उभ्या उभ्या दाखवलं. सात दिवसांचे सात आठवडे झाले. दुसऱ्या कुणी मला एवढा ठेवून घेतला असता, तर मॅडमनी त्याला तीन पत्रं धाडली असती.

बाबा रोज सकाळी चष्मा पुसून खिडकीपाशी बसायचे आणि एका बोटाने लिहायचे. बोट कसलं, पानाच होता तो! चावी फिरवल्यासारखं खांद्यातून जोर लावून एकेक अक्षर दाबायचे. काही अक्षरांना डाव्या हाताने दुसरं बटणही धरून ठेवावं लागतं. ठ हे त्यातलंच एक. दर सकाळी पहिलं अक्षर उमटायचं ते दोन्ही हातांनी. मग म, मग मात्रा. मग बोट थांबायचं. कधी दोन मिनिटं, कधी दहा. त्यानंतर पुढचं सुरू व्हायचं. अधूनमधून ते तीन ठोके पुन्हा यायचे. ठच्या बटणावरचा स्टिकर महिन्याभरात झिजून पांढरा पडला.

मॅडमना तो दिसला. “किती भिकार स्टिकर आहेत हे,” असं म्हणून त्यांनी त्याच्यावर नवा चिकटवला. वर स्क्रीनवर बाबांचं एक पान उघडं होतं. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहणार होत्या, पण फोन वाजला.

एका सकाळी ऑफिसातून तंत्रज्ञाचा फोन आला. “मॅडम, कपाटात बदली एकही शिल्लक नाही. नवीन माणूस येऊन बसलाय.” बाबा आंघोळीला गेले होते. मॅडमनी मला उचलून पिशवीत टाकलं. ऑफिसात टेबलाशी उभ्या राहून, खांदा आणि कान यांच्यात फोन धरून, त्यांनी परतीचा फॉर्म भरला. चार्जर आहे, खूण. स्क्रीन ठीक, खूण. माहितीची कॉपी घेतली, खूण. खाली सही. त्याच खुणेवरून त्या सगळ्यांना धारेवर धरायच्या, की आधी उघडून बघा आणि मगच करा.

अकरा वाजता मी कोरा झालो.

दुपारी बाबांनी त्यांना फोन केला. मॅडम धावतच तंत्रज्ञाच्या टेबलाशी आल्या. “चार नंबर कुणी पुसला? विचारता येत नाही? त्यात माझ्या बाबांचं...”

तंत्रज्ञ वयाने मोठा आणि शांत माणूस. त्याने फॉर्म पुढे केला. मॅडमनी वाचला. मग तो हळूच म्हणाला, “मॅडम, सही तुमचीच आहे.”

त्यांनी तीन तास माझ्यावर खटपट केली. काही हाती लागलं नाही. काही उरू नये, अशीच पद्धत त्यांनी सगळ्यांना शिकवली होती. संध्याकाळी नव्या माणसाची दुसरी सोय लावून त्या मला घेऊन घरी आल्या आणि बाबांसमोर बसल्या.

“गेलं, बाबा. सगळं गेलं. माझ्याच हातून.”

बाबांनी माझ्या रिकाम्या स्क्रीनकडे पाहिलं. “असू दे. थोडंफार वाचलं होतंस ना तू?”

मॅडमनी मान खाली घातली. मला आजवर अनेकांनी आपटलंय, पण ती खाली गेलेली मान मला त्याहून लागली.

पुढचे चार रविवार त्या फोन बंद ठेवून बसल्या. बाबा सांगत होते, त्या भराभर लिहीत होत्या. एकेचाळीस व्हॉल्व्ह, कुठला कुठे, किती फेऱ्यांचा. शेवटी त्यांनी विचारलं, “आधी असंच लिहिलं होतंत ना?”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “हो. असंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कुणी नव्हतं. बाबांनी मला उघडलं. डावा हात एका बटणावर ठेवला आणि उजव्या बोटाने ठ दाबला. मग म, मग मात्रा. बराच वेळ ते तसेच बसून होते. मग त्यांनी तिन्ही अक्षरं पुसली आणि माझं झाकण हलक्या हाताने लावलं.

मी परत गेलो त्या दिवशी मॅडमनी आधी मला उघडून दोनदा पाहिलं आणि मगच फॉर्मवर खूण केली. तंत्रज्ञाला म्हणाल्या, “बरं झालं बाई. सगळं परत मिळालं.”

आता माझी बॅटरी फुगलीय. मी भंगाराच्या खोक्यात पडून आहे आणि परवा गाडी येणार आहे. मला माझं दुःख नाही. वापरून झालो, झालो. बाबांनी सात आठवडे काय लिहिलं, ते मलाही सांगता यायचं नाही. माझ्याजवळ उरलेत ते फक्त तीन ठोके. पण बाबा अजून त्याच खिडकीपाशी बसत असतील. म्हणून, मॅडम तुम्हाला कुठे भेटल्या तर माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, सगळं परत मिळालेलं नाही. ते लिखाण व्हॉल्व्हपासून सुरू होत नव्हतं, ते ‘ठमे’पासून सुरू होत होतं. पुढे काय होतं, ते बाबांना अजून विचारता येईल.