पाहुण्यांचे पान

रविवार, १२ नोव्हेंबर २००६. दुपारी साडेबारा वाजता शहापूर-मुरबाड जुनी जीप मालक मंडळाच्या वेबसाइटवरचे पाहुण्यांचे पान बंद झाले. किन्हवलीत अध्यक्ष धाऊ निचिते यांच्या अंगणात कार्यकारिणीची बैठक चालू होती. ठराव झाला, तसा वेबसाइट सांभाळणारा आदेश फर्डे उठून घरात गेला, धाऊंच्या सुनेच्या कॉम्प्युटरवर बसला आणि पान बंद करून परत आला. तोवर भजी आली होती.

त्याच वेळी धसईला वंदना रोकडे यांच्या भात गिरणीत जीपच्या एका इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे जड झाकण, काढून गोणपाटावर ठेवलेले होते. ते परत कसे बसवायचे, हे त्याच पानावर लिहून यायचे होते.

मंडळ १९९८ सालचे. लष्कराच्या लिलावातून किंवा सरकारी खात्यांच्या मोडीतून घेतलेल्या जुन्या जीपा दोन्ही तालुक्यांत बऱ्याच होत्या. गवताचे भारे, भाजीच्या पाट्या, खताची पोती, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्यांतूनच जाई. सुटे भाग मात्र मिळत नसत. कोणाकडे काय पडून आहे हे एकमेकांना कळावे, एवढ्यासाठी मंडळ निघाले. दसऱ्याला सगळ्या जीपा किन्हवलीच्या मैदानात झेंडूचे हार घालून उभ्या राहत. पुढे ठाण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरचे काम करणाऱ्या आदेशने वेबसाइट काढली. तिच्यावर एक पान सुट्या भागांचे होते आणि एक पाहुण्यांचे. जीप नसलेल्या कोणीही पाहुण्यांच्या पानावर प्रश्न विचारावा, सभासदांपैकी ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर द्यावे, अशी पद्धत होती.

उत्तरे बहुतेक धाऊच देत. वय साठीचे, शेती चार एकर, जीप तीस वर्षांची. कीबोर्डला त्यांनी कधी हात लावला नव्हता. संध्याकाळी ते ओटीवर बसून सांगत आणि सून प्रियांका टाइप करी. माळशेजला जायला जीप भाड्याने मिळेल का, असे कोणी विचारले तरी ते उत्तर देत. उत्तर ‘नाही’ एवढेच असे, पण दिलेले असे. खाली नाव असायचे : धाऊ, किन्हवली.

पान बंद करण्याचा प्रस्तावही त्यांचाच होता.

निमित्त झाले सभासद शेखर विशे यांच्या गिअरबॉक्सचे. शेखरने सुट्या भागांच्या पानावर लिहिले होते की आपल्या गोठ्यात एक चांगला गिअरबॉक्स पडून आहे, सभासदाला लागला तर न्यावा. ते बाहेरच्या एका व्यापाऱ्याने वाचले. शेखर कामावर असताना तो टेम्पो घेऊन दारात आला आणि हातातला छापील कागद दाखवून म्हणाला, तुमच्या शेठनीच लिहिलंय. शेखरची बायको अनिता हिने कागदावर नवऱ्याचे नाव वाचले आणि गिअरबॉक्स देऊन टाकला. वर त्याला चहाही दिला. शेखर घरी येऊन ओरडला, तेव्हा ती म्हणाली, ‘‘बरं झालं गेला. पाच वर्सं कोंबड्या त्याच्यावर बसतायत.’’

बैठकीत हा किस्सा शेखरने स्वतःच सांगितला आणि सगळे हसले. धाऊ हसले नाहीत. त्यांच्या मते दोष बाहेरच्यांना आत घेण्यात होता. आदेशचे म्हणणे वेगळे होते. सुट्या भागांच्या पानाला कुलूप लावावे, पाहुण्यांचे पान उघडे राहू द्यावे, त्यातून कोणाचे काही जात नाही. धाऊंनी ते मानले नाही. ‘‘दार म्हंजे दार,’’ ते म्हणाले. ‘‘ज्याची जीप त्यानं आत यावं. बाकीच्यांनी रस्त्यावरनं बघावं.’’ वयाचा मान ठेवून बाकीच्यांनी हात वर केले. सगळ्या वेबसाइटला एकच कुलूप लागले : सभासद क्रमांक टाका. बाहेर राहिला तो फक्त सभासदत्वाचा अर्ज.

धसईच्या प्रश्नाला आपण अर्धेच उत्तर दिले आहे, हे त्या दुपारी धाऊंच्या ध्यानात नव्हते.

वंदनाची गिरणी धसईच्या बाजाराच्या कडेला होती. नवरा मुरबाडला कारखान्यात पाळीवर जाई, गिरणी तीच बघे. दिवसातले कित्येक तास वीज नसायची, म्हणून सासऱ्यांनी एका जीपचे डिझेल इंजिन आणून पट्ट्यावर जोडले होते. त्या जीपचा सांगाडा मुरबाडच्या भंगारात कधीच गेला होता. दिवाळीनंतर नवीन भात यायला लागले आणि इंजिन तापून रेडिएटरमधून पाणी फेकू लागले. गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याने हे विकून नवीन घ्या, असे सांगितले. नवीन घेण्यात हंगाम गेला असता. लोक दोन-चार दिवस थांबतात, मग पोती मुरबाडच्या गिरणीवर नेतात, आणि एकदा तिकडे वळले की त्या वर्षी परत येत नाहीत. हे वंदनाला दर वर्षी दुसऱ्यांच्या बाबतीत दिसत आले होते.

तिचा भाऊ धम्मपाल भालेराव मुरबाडला राहायचा आणि कल्याणला नोकरीला जायचा. सायबर कॅफेत त्याला मंडळाचे पान सापडले. त्याने लक्षणे लिहिली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले : हेडखालचे गॅस्केट जळले असावे. हेड उतरवा. कुठे जळले आहे ते बघा. हेडच्या तळावर पोलादी पट्टी उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का ते कळवा. मग बोल्ट कसे आवळायचे ते सांगतो. तोवर कोणाला हात लावू देऊ नका. धाऊ, किन्हवली.

रविवारी सकाळी हेड उतरले. गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पातळ पत्रा, मधल्या दोन सिलिंडरांच्या बेचक्यात जळलेले होते. पट्टीखालून उजेड दिसला नाही, म्हणजे हेड वाकलेले नव्हते. धम्मपालने नवीन गॅस्केट आणून ठेवले आणि दुपारी हे सगळे लिहायला मुरबाडच्या कॅफेत गेला. पान सभासद क्रमांक मागत होते. त्याने एक टाकून पाहिला, मग दोन. नंतर एसटीच्या पासाचा नंबरसुद्धा टाकून पाहिला. मग घरी गेला.

सोमवारी त्याने रजा टाकली आणि किन्हवलीची गाडी पकडली. पत्ता नव्हता. स्टँडवर जीपवाले धाऊ म्हणताच तिघांनी एकदम हात दाखवला.

अंगणात प्रियांका भात वाळत घालत होती. धम्मपालने धसईहून आल्याचे सांगितले आणि तिने लगेच आत वळून हाक मारली, ‘‘बाबा, धसईची गिरणी आली. बोल्टांचं राह्यलंय म्हणाला होतात ना.’’

धाऊ बाहेर आले. पाहुण्याला त्यांनी खाटेवर बसवले आणि पाणी द्यायला सांगितले. 

‘‘काल ठराव झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘बाहेरच्या मानसाला सांगायचं नाय.’’

‘‘ठराव माझ्यावर झाला असंल, काका. हेडवर कुठं झालाय? ते पोत्यावर पडलंय.’’

प्रियांका आत गेली. तिला हसू आले होते, असे धम्मपालने नंतर बहिणीला सांगितले.

धाऊंनी अंगणातले खडे उचलून खाटेसमोर बोल्टांप्रमाणे मांडले. सुरुवात मधल्यापासून करायची, मग आळीपाळीने दोन्ही बाजूंना सरकायचे. एका फेरीत पूर्ण आवळायचे नाही, तीन फेऱ्या करायच्या. एका टोकापासून आवळत गेले की हेड पिळते आणि नवीन गॅस्केटही जळते. मग त्यांनी धम्मपालला सांगून दाखवायला लावले. तो तिसऱ्या खड्यावर चुकला. पुन्हा सांगितले. तो पाचव्यावर चुकला.

‘‘नाय जमायचं,’’ धाऊ म्हणाले. त्यांनी टोपी घातली, घरातून मापाचा पाना आणला, ज्याच्या काट्यावर किती जोर लागला ते दिसते, आणि जीप सुरू केली.  सरळगाव ओलांडल्यावर धाऊंनी एवढेच विचारले की सासऱ्यांनी हे इंजिन कोणाकडून घेतले. धम्मपालला ठाऊक नव्हते.

गिरणीत पोत्यांची थप्पी भिंतीला लागली होती. पोत्यांवर कोळशाने नावे घातलेली होती. त्यांतली काही पोती मालकांनी सकाळी परत नेली होती आणि त्यांची जागा मोकळी दिसत होती. हेडवर वंदनाने धुतलेले लुगडे पांघरले होते. धाऊंनी पाना काढला, तशी ती म्हणाली, ‘‘कुलूपबी तुमीच लावलं नि किल्ली घेऊन तुमीच आलात, काका.’’

‘‘कुलूप मंडळाचं हाय,’’ धाऊ म्हणाले. ‘‘मी माज्या टायमात आलोय.’’

पंप दुरुस्त करणारा दारात येऊन उभा राहिला होता. धाऊंनी त्याला हाताशी घेतले आणि प्रत्येक फेरी त्याच्याकडून मोजून करून घेतली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला इंजिन सुरू झाले. पहिल्यांदा पांढरा धूर आला, मग निवळला. रेडिएटरमधले बुडबुडे थांबले होते. पट्टा चढवला आणि पहिले पोते ओतले. धाऊंनी तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला. कणी कमी होती. दोन दाणे त्यांनी तोंडात टाकले. जेवायचा आग्रह झाला तेव्हा ते थांबले. वंदनाच्या घरी नवीन तांदळाचा भात आणि सुक्या बोंबलाचे कालवण झाले.

निघताना ते म्हणाले की पंधरा दिवस चालले की इंजिन गार असताना बोल्ट पुन्हा एकदा बघावे लागतील, आणि नंतर व्हॉल्वचे अंतरही.

‘‘तवा कुठं विचारू?’’ वंदना म्हणाली.

‘‘किन्हवलीला ये.’’

‘‘गिरणी बंद ठेवून?’’

धाऊंनी जीप सुरू केली.

त्याच आठवड्यात मंडळाच्या वेबसाइटवर सभासदत्वाचा एक अर्ज आला. अर्जदार वंदना रोकडे, धसई. गाडीच्या नंबराची जागा रिकामी होती. खाली इंजिन नंबर लिहिला होता आणि पुढे एक ओळ : गाडी नाही, इंजिन चालू आहे. आदेशने अर्ज बाजूला ठेवला आणि अध्यक्षांना फोन केला. धाऊंनी कार्यकारिणीपुढे ठेवा, असे सांगितले. आपले मत सांगितले नाही.

मत नाही म्हणून काम थांबले, असेही झाले नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी धाऊ पाना घेऊन धसईला गेले आणि बोल्ट बघून आले. त्यांना उंबरमाळीच्या एका सभासदाने जीपने जाताना पाहिले आणि इकडे कुठे, असे विचारले. भाताचा भाव बघायला, असे त्यांनी सांगितले. सहा डिसेंबरला गिरणी बंद होती, वंदना आणि धम्मपाल दादरला गेले होते. बाकी दिवस ती अंधार पडेपर्यंत चालू होती. परत नेलेली काही पोती पुन्हा आली होती.

रविवार, १० डिसेंबरला शहापूरला कार्यकारिणीची बैठक बसली. अध्यक्ष आले नव्हते. अर्ज वाचला गेला आणि दोन बाजू पडल्या. एका बाजूचे म्हणणे, इंजिन म्हणजे जीप नव्हे. आज गिरणीवाली आली, उद्या मळणीवाला येईल, परवा ज्याच्याकडे नुसते चाक आहे तोही येईल. आदेशने जुनीच सूचना पुन्हा मांडली : वाचायला सगळ्यांना मोकळीक, विचारायलाही मोकळीक, सुट्या भागांचे पान आणि फोन नंबर फक्त सभासदांना.

गिअरबॉक्स गमावलेला शेखर विरोध करील, असे सगळ्यांनी धरले होते. शेखर म्हणाला, ‘‘माज्या जीपचं इंजिन ट्रॅक्टरचं हाय. चार वर्सं झाली. म्हंजे माजी जीप हाय, जीपचं इंजिन नाय. तिच्याकडं जीपचं इंजिन हाय, जीप नाय. तिला बाहेर काढणार असाल तर मला पयला काढा.’’

‘‘तुज्या कोंबड्यांना सभासद करू,’’ मागून कोणीतरी म्हणाले. त्या बैठकीत एवढे एकच हसू झाले.

अर्ज आणि आदेशची सूचना एकत्र मताला टाकली. बाजूने चार, विरुद्ध चार. घटनेप्रमाणे समान मते पडली तर अध्यक्षांचे मत निर्णायक. आदेशने धाऊंच्या घरी फोन लावला. प्रियांकाने उचलला. बाबा सकाळीच जीप घेऊन गेले, ती म्हणाली, कुठे ते तिने सांगितले नाही. मोबाइल घेऊन गेलेत, लावून बघा.

आदेशने मोबाइल लावला आणि स्पीकर चालू केला. दुसऱ्या बाजूला इंजिनाची धडधड आणि पट्ट्याची फटफट एवढी होती की आदेशला प्रश्न दोनदा ओरडून विचारावा लागला.

‘‘हितं काय आयकू येत नाय,’’ धाऊ म्हणाले. ‘‘व्हॉल्वचं अंतर लावलंय, चालवून बघतोय. मागनं कर.’’

बैठक दुपारी एकला संपली. संध्याकाळी सात वाजता आदेशने पुन्हा फोन केला तेव्हा मोबाइल बंद होता. घरी लावला, तर धाऊ जेवायला थांबले असावेत, असा प्रियांकाचा अंदाज होता. त्या वेळेपर्यंत मंडळाची वेबसाइट सभासद क्रमांक मागत होती, धसईची गिरणी चालू होती आणि अध्यक्षांचे मत आलेले नव्हते.