उजवा पंख

ललित पाटील नंदुरबारच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो आणि त्याची बायको रुपा शाळेत विज्ञान. लग्नानंतर लोक घर बांधायला काढतात, यांनी विमान काढलं. दोन माणसं बसतील एवढं, लाकडी सांगाड्याचं. नकाशे परदेशातून मागवले, इंजिन वापरलेलं घेतलं आणि सगळं उघडून पुन्हा जुळवलं. जागा चंपालालशेठनी दिली. मिरची वाळत घालायच्या पथाऱ्यांमागे त्यांचं पत्र्याचं गोडाऊन होतं, त्यातला अर्धा भाग. हंगामात तिथे काम करणं म्हणजे शिंकत शिंकत काम करणं, पण भाड्याचा विषय शेठनी कधी काढला नाही.

कामं वाटलेली होती. इंजिन, तारा, चाकं ललितची. लाकूड आणि गोंद रुपाचा. हा गोंद दोन डब्यांतला. दोन्हीतलं वजन करून मिसळायचं, प्रमाण जरा चुकलं की जोड कच्चा. म्हणून दर वेळी कालवलेल्या गोंदाने लाकडाचे दोन-दोन तुकडे चिकटवून नमुने करायचे. एक नमुना दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरून हातोड्याने तोडायचा. लाकूड फाटलं तर जोड पक्का; लाकूड शाबूत राहून गोंदच सुटला तर कच्चा. दुसरा नमुना, तो गोंद विमानात कुठे लावला ते वर लिहून, फळीवर ठेवून द्यायचा. रुपाने हे कधी चुकवलं नाही.

कागदांचं ललितने सांभाळलं. बांधायच्या आधी परवानगी, बांधताना तपासणी, पंख कापडाने आणि प्लायने बंद करण्याआधी पुन्हा तपासणी, मग नोंदणी, मग चाचणी-उड्डाणाची परवानगी. एक कागद आला की दुसऱ्याची वाट. तो घरी येऊन भांडी आपटायचा, पण पायरी एकही गाळली नाही. शेतरस्त्यावरून एकदा उडवून तर पाहा, कोण बघतंय, असं सांगणारे खूप भेटले. विमान उडवायचा परवाना त्याने सुट्ट्या खर्चून काढला होता, तो असा घालवायला नव्हे.

शेवटी थंडीत परवानगी आली. ठरावीक मुदतीची होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या धावपट्टीवर रविवार सकाळची वेळ मिळाली. पंख सोडवून विमान ट्रॉलीवरून न्यायचं ठरलं. ललितची आई दगूबाई गल्लीभर सांगून आली.

त्याच आठवड्यात शेठनी निरोप पाठवला की यंदा मिरचीची आवक जास्त आहे, विमान जातंच आहे तर फळ्याही रिकाम्या करून द्या. रुपा आवरायला गेली. नमुन्यांचा ढीग टाकून द्यायचा होता. पण टाकायचेच तर तोडून पाहू, एवढ्या काळाने गोंद कसा टिकलाय ते तरी कळेल, असं तिच्या मनात आलं. ती एकेक शिकंज्यात धरत गेली. सगळ्यांचं लाकूड फाटत होतं. मग एक तुकडा हातोड्याच्या पहिल्याच ठोक्याला उघडला. दोन्ही बाजू गुळगुळीत, पांढुरक्या. एका बाजूवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: उजवा पंख, बुडाकडच्या पुढच्या बरगड्या. म्हणजे पंख विमानाला जुळतो तिथल्या, त्याला आतून आकार देणाऱ्या लाकडी चौकटी.

ललित ट्रॉलीच्या दोऱ्या बघत होता. तिने तुकडा त्याच्या हातात दिला.

"हाऊ पहा. लाकूड फाटनं नही. गोंदच सुटना."

त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला. फळी खिडकीशी होती, वर पत्रा तापतो, उन्हाळे काढलेत या तुकड्याने, असं तो म्हणाला. पंखाला तर वाळूच्या गोण्या लादून तपासलं होतं, तेव्हा काही झालं नव्हतं. अधिकाऱ्यांनी पाहून सही केली होती. रुपा म्हणाली, गोण्या लादल्या तो पंख तेव्हा नवा होता. आणि याच गोंदाचा पहिला नमुना तिने तोडला होता तो चांगला निघाला होता, हेही तिने स्वतःहून सांगितलं. म्हणजे गोंद नंतर बिघडला असेल, किंवा फक्त हा तुकडा. पंख उघडल्याशिवाय कळणार नाही.

पंख उघडायचा म्हणजे वरचं कापड फाडायचं, पुढचा प्लाय कापायचा, पुन्हा बंद करण्याआधी पुन्हा तपासणी. परवानगीची मुदत त्यात निघून जाणार. ललितने दोरी खाली टाकली.

"बसनार मी शे. भ्याव तुले कसानं वाटस?"

"तुम्ही बसनार, म्हनीसनच वाटस."

त्यानंतर दोघांचं बोलणं कामापुरतं राहिलं. ती म्हणाली होती की अधिकाऱ्यांना कळवायला हवं. तो म्हणाला होता, कळव, तुझंच नाव लिहून कळव. तिने लगेच कळवलं नाही. कळवलं असतं तर त्याच्या पाठीमागून केल्यासारखं झालं असतं. पण रविवारी शाळेत परीक्षेचं काम होतं, त्यातून तिने आधीच सुटी मागून घेतली होती; ती सुटी तशीच ठेवली, आणि ट्रॉलीला मात्र हात लावला नाही.

शुक्रवारी ललितने पंख जोडून इंजिन चालवलं. जायच्या आधी शेवटचं तपासायचं होतं. गोडाऊनसमोरच्या अंगणात चाकांना लाकडी ठोकळ्यांचं अडण लावून तो आत बसला. इंजिन चांगलं लागलं. त्याने तेलाचा दाब बघायला हवा होता, फेरे बघायला हवे होते. ते तो बघत होता, आणि मधेच त्याची मान उजवीकडे वळत होती. पंख थरथरत होता, जसा डावाही थरथरत होता. त्याने मान सरळ केली. परत वळली. जमिनीवर उभ्या विमानात हे होतंय तर वर गेल्यावर आपण दुसरं काय बघणार, हे त्याला कळलं आणि त्याचा स्वतःवर संताप झाला, रुपावर झाला, त्या लाकडाच्या तुकड्यावर झाला. त्याने इंजिन बंद केलं, धावपट्टीवाल्यांना फोन करून वेळ रद्द केली आणि रुपाला फोन केला. करवत कुठे ठेवली आहेस, एवढंच विचारलं.

ती शाळेतून तशीच आली. कापड त्यानेच फाडलं, प्लाय तिने कापला. आतल्या बुडाकडच्या बरगडीचा जोड दिसला. ललितने पातळ पटाशी घालून तो उचकटला. लाकूड फाटलं. लांब, खडबडीत फाटलं, जसं फाटायला हवं तसं. दुसऱ्या बरगडीचंही. तिसरीलाही तेच. नंतर तो थांबलाच नाही. उचकटत गेला, जणू एखादा तरी जोड सुटावा म्हणून. एकही सुटला नाही.

रुपा हातातला प्लायचा तुकडा धरून उभी होती. आपलं चुकलं असं तिला म्हणता येईना, आणि बरोबर होतं असंही म्हणता येईना. ललित बाहेर जाऊन अडणावर बसला. आत आला तेव्हा म्हणाला, सगळ्या बरगड्या नव्याने चिकटवाव्या लागतील, गोंद ताजा मागव.

दगूबाई डबा घेऊन आली होती. तिने फाटका पंख पाहिला आणि दाराशीच थबकली.

"इतला दिन बांधं, आते फोडतस?"

रुपाने तिच्या हातातला डबा घेऊन फळीवर ठेवला. जेवण तसंच राहिलं.

अधिकाऱ्यांना त्यांनी दोघांच्या नावाने कळवलं. ते चांगलं बोलले, पण नियम नियमच होता. उघडलेला पंख बंद करण्याआधी ते येणार, आणि मुदत संपल्यावर परवानगीसाठी पुन्हा अर्ज. शेठनी मिरची दुसरीकडे रचली. नवीन गोंद आला, उन्हाळा आला, उन्हाळ्यात गोंद लवकर घट्ट होतो म्हणून थोडाथोडाच कालवावा लागला. पाऊस गेला. या सगळ्या दिवसांत पंखावर काम करताना ललित मधेच म्हणायचा, हे काम एकदा झालेलं होतं. रुपा म्हणायची, हो, झालेलं होतं. याहून मोठं भांडण त्यांच्यात झालं नाही, आणि हे मिटलंही नाही.

विमान पुढच्या हिवाळ्यात उडालं. धुकं विरल्यावर ललितने ते पट्टीवरून उचललं. विमानाच्या पोटाखालून उजेड दिसला. त्याने एक फेरी मारली आणि ठरलेल्या वेळेच्या किती तरी आधी तो खाली आला. रुपा धावत गेली.

"कसं वाटनं?"

"तेलनं टेम्परेचर चढी गयं," तो टोपी काढत म्हणाला. हवा इंजिनापर्यंत नीट पोचत नव्हती. इंजिनावरचं पुढचं झाकण उघडून हवा आत वळवणाऱ्या झडपेची जागा बदलावी लागणार होती. म्हणजे पुन्हा नोंद, पुन्हा कुणाला तरी दाखवणं. त्याने चिडून झाकणावर हात ठेवला, ते तापलेलं होतं, हात मागे घेतला. रुपाने ट्रॉलीतून नट खोलायचे पाने आणून दिले. झाकण निवेपर्यंत दोघं चाकाशी उभे राहून झडप कुठे सरकवायची यावर वाद घालत राहिले.