तुळजापूरला गेलेला गार्ड

माझा थोरला अमरनाथ हल्ली पूजेला बसतो तरी गळ्यातली शिट्टी काढत न्हाय. गळ्यातल्या इष्टलिंगाशेजारी शिट्टी लोंबती. धाकट्याची माती अजून वाळली न्हाय, अन् ह्याचा ताठा बघा.

धाकटा म्हंजे मल्लेश. धाराशिवात एका सरकारी कचेरीच्या फाटकावर रखवालीला होता. माणसं ठेकेदाराची, त्यांच्यावर सुपरवायझर अमरनाथ. फाटकं दोन, गार्ड दोन. पण कचेरीतल्या साहेबाचे पाहुणे तुळजापूरला निघाले की दुसऱ्या गार्डला, बसप्पाला, वर्दीसकट त्यांच्यासंगं धाडायची ह्याची रीत. वर्दी बघून देवळाच्या रांगेत लोक बाजूला सरकत्यात ना! मागं दोन्ही फाटकं मल्लेशच्या गळ्यात.

"दादा, एकटा कुठं कुठं बघू?" तो म्हणायचा.

"अव्वानं लई लाडावलंय तुला," हा हसायचा. अव्वा म्हंजे मी, ह्यांची आई.

त्या मंगळवारी बसप्पा असाच गेलेला. जमिनीच्या मोजणीचं कुणी ऐकंना म्हणून एक माणूस पेट्रोलची बाटली घेऊन मागच्या फाटकानं शिरला, कचेरीपुढं पेटवून घ्यायला. मल्लेश पुढचं फाटक सोडून पळाला, त्याला कवळ्यात धरलं. बाटली हिसकायला दुसरं कुणी नव्हतंच; काडी पेटली अन् भडका मल्लेशच्या अंगावर आला. तो माणूस वाचला. माझ्या लेकरानं सोलापूरच्या दवाखान्यात जीव सोडला. आमच्यात माणसाला बसवून माती देत्यात. त्याला बसवताना पाठीला हात कुठं लावावा, कुणाला कळंना.

काल चौकशीचे साहेब घरी आले. अमरनाथ त्यांना सांगतोय, "न विचारता जागा सोडली त्यानं. आता म्या कडक केलंय, साहेब. फाटकाला दोन-दोन माणसं, तासाला फेरी."

म्या चहा ठेवला. म्हणलं, "साहेब, त्या दिवशी बसप्पा कुठं होता, इचारा की."

"अव्वा, आत जा. तुला ह्यातलं कळत न्हाय."

"अक्षर कळत न्हाय. खोटं कळतं."

साहेबांनी लिहायचं थांबवलं. "कुठं होता?"

दाराशी मल्लेशची बायको, शिवकन्या, उभी होती. तिच्याकडं बघायची हिंमत झाली न्हाय अमरनाथला.

"तुळजापूरला," तो म्हणला. "म्याच धाडला."

साहेबांनी ते लिहून घेतलं. हा बी माझाच लेक.

म्या म्हणलं, "अमर, तुझी नोकरी ऱ्हाती का जाती, ते साहेब बघतील. माझं ऐक. त्यानं जागा सोडली न्हाय, तू त्याचा जोडीदार काढून नेलास. मी मेले तर मला बसवायला ये, थोरला हायस. पण मल्लेशच्या मातीवर तुझ्या हातचं फूल पडायचं न्हाय."