झिपरूची हाळी

खोटं लिहिलंत तुम्ही. 'खजुरीपाडा हॉल्टवर रोजचे सरासरी प्रवासी तीन', असं लिहिलंत, खाली सही ठोकलीत आणि सकाळच्या पॅसेंजरचा आमचा थांबा एका ओळीत उडवलात. मोजायला कोण आलं होतं? कुठल्या दिवशी? तीन म्हणे! एकट्या भिकीची टोपली डोक्यावर चढवायला दोन माणसं लागतात. ती धरून तिथेच तीन झाले की!

हे शेवटचं वाक्य झिपरूचं आहे, आणि ते त्याने ताडाच्या शेंड्यावरून फेकलं होतं.

घोलवड मागे पडलं आणि डहाणू यायचं राहिलं की मधे हा हॉल्ट. एक फलाट, एक पत्र्याचं छप्पर, एक तिकीटखिडकी. फलाटाच्या मागे ताडांची रांग, आणि त्या रांगेतलं शेवटचं, सगळ्यांत उंच झाड झिपरूचं. झिपरू ताडी उतरवायचा. कमरेला कोयता, पाठीला मडकं, पायात दोराचा फास. पहाटे पहिल्या झाडावर चढायचा तो शेवटच्या झाडाच्या शेंड्यावर पोचेपर्यंत आठ वाजत. तिथून त्याला मागच्या स्टेशनातून पॅसेंजर हललेली दिसायची. मग तो एक हात तोंडाशी नेऊन हाळी द्यायचा.

"निघालीऽऽऽ!"

त्या हाळीवर सात मिनिटं मिळत. सगळा पाडा तेवढ्या सात मिनिटांत बांधलेला. भिकी चिंबोऱ्यांची टोपली उचले, चिकू तोडायला जाणारे टोकाला जाळी बांधलेल्या झेल्याच्या काठ्या घेत, बाया गवताचे भारे डोक्यावर चढवत, पोरी वेण्या घालत घालत पळत. घड्याळं होती की पाड्यात! पण घड्याळाला काय कळतंय गाडी लेट आहे की नाही. झिपरूला दिसायचं. पावसात ताडी नसायची, तरी हा भिजत वर जाऊन बसायचा.

"ताडी नाय न् माडी नाय, वर काय अंडी घालतंस?" त्याची बायको रूपी खालून ओरडायची.

"गाडी बघतो."

"कवा बसलायंस त्या गाडीत?"

ते मात्र खरं होतं. तीस वर्षं झिपरूने त्या गाडीची हाळी दिली आणि त्या गाडीत तो एकदाही बसला नाही. गाडी फलाटाला लागायची तेव्हा हा झाडावर असायचा.

दोन हजार सोळाच्या नवरात्रात एका सकाळी त्याने हाळी दिली, पाडा फलाटावर आला आणि गाडी न थांबता निघून गेली. लोकांना वाटलं ड्रायव्हर विसरला. दुसऱ्या दिवशीही विसरला. तिसऱ्या दिवशी महादेवभाईंनी खिडकीवर चिकटवलेला कागद वाचून दाखवला. सरासरी प्रवासी तीन.

महादेवभाई चिकूच्या वाडीवाले, जुन्या घराण्यातले, अर्ज लिहिण्यात पटाईत. त्यांनी अर्ज लिहायला घेतले. एक गेला, दहा गेले, चाळीस गेले. पोचपावत्यांचा गठ्ठा त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला. "निदान मुरेल तरी," म्हणाल्या.

इकडे झिपरूच्या घरात वेगळंच मुरत होतं. त्याची जयश्री आणि भिकीची संगीता, दोघी डहाणूला नर्सिंग शिकत होत्या. पाड्यातून बारावीच्या पुढे गेलेल्या पहिल्या दोघी. गाडी होती तोवर पावणेनऊला वर्गात. गाडी गेली आणि साडेपाचला घर सोडायचं, दीड तास चालत सडक गाठायची, जीप भरेपर्यंत बसायचं. ड्रायव्हर बारा माणसं कोंबल्याशिवाय हलायचा नाही. पहिला तास रोज बुडायचा, आणि हजेरी पहिल्या तासालाच घेत. वर्षाच्या शेवटी संगीताचं नाव काढून टाकलं. ती फुग्यांच्या कारखान्यात जायला लागली. जयश्री काठावर वाचली. दुसऱ्या वर्षी तिलाही कागद आला: मार्चपर्यंत हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाही.

तो कागद झिपरूने उलटा-सुलटा करून पाहिला. "जिकडे बघावं तिकडे हे कागदच आपल्याला मोजतात," तो म्हणाला. "आपण कुणालाच मोजत नाय."

अखेर सतराच्या दिवाळीनंतर कळवलं गेलं: अमुक तारखेला अधिकारी मोजणीला येतील. महादेवभाई दारोदार फिरले. "हे बघा, चांगले कपडे घाला. आंघोळी करून या. मासळीचा वास नको, गवताचा कचरा नको. साहेब पहिल्यांदा येतायत, आपली इज्जत आहे."

पाड्याने इज्जत ठेवली. फलाट शेणाने सारवला. आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण लावलं. बायांनी लग्नातली लुगडी काढली, पुरुषांनी पांढरे सदरे, आणि एकजण तर आपला तारपा घेऊन फुंकत आला. दीडशे माणूस, हातात कुणाच्या काही नाही, केसाला तेल आणि चेहऱ्यावर हसू.

साहेब जीपमधून उतरले. त्यांनी तोरण बघितलं, लुगडी बघितली, तारपा ऐकला.

"लग्न कुणाचं आहे?"

भिकीच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "तुमचाच हाय, साहेब! नवरी तेवढी बघायची राहिलीय!"

सगळा फलाट खिदळला. साहेब हसले नाहीत. महिन्याने कागद आला: 'प्रत्यक्ष पाहणीत नियमित प्रवासी आढळले नाहीत. एक लग्नाचे वऱ्हाड उपस्थित होते. फेरपाहणी पूर्वसूचना न देता करण्यात येईल.'

महादेवभाई दोन दिवस वाडीतून बाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी झिपरू त्यांच्या ओटीवर गेला.

"भाय, तुमचा चुकला."

"चुकलं रे बाबा."

"मी झाडावर चढताना सदरा घालतो का? लंगोटी दिसली की लोक वळखतात, झिपरू हाय. टोपली नाय तर भिकी कुठली? आता मी रोज हाळी देणार. गाडी थांबो, नाय थांबो. ज्याने त्याने आपला बोजा घेऊन यायचा."

"पण गाडी थांबणार नाही. लोक कशाला येतील?"

"मी कुठं ताडी नसताना चढत नव्हतो?"

आणि लोक आले. रोज हाळी, रोज सात मिनिटं, रोज फलाट. पॅसेंजर समोरून धडधडत जायची तेव्हा सगळे आपापला बोजा हातांनी वर उचलून धरायचे. भारे, टोपल्या, काठ्या. मग तशीच सडकेची वाट धरायची. पहिले आठ दिवस डब्यातले लोक नुसते बघायचे. मग हात हलवायला लागले. मग ड्रायव्हरच शिट्टी द्यायला लागला, लांबलचक. बायांना त्याचा नादच लागला. शिट्टी झाली नाही तर भिकी दिवसभर कुरकुरायची, "आज बायकोशी भांडून आलाय मेला."

जानेवारीतल्या एका सकाळी झिपरू नेहमीपेक्षा लवकर शेवटच्या झाडावर पोचला. थंडीमुळे मडकी कमी भरली होती. सव्वासात झाले असतील. त्याने ताडाच्या फुलोऱ्याचं, पोयीचं, टोक छाटलं, मडकं बांधलं, आणि सवयीने रुळांकडे बघितलं. रुळावरून काहीतरी येत होतं. गाडी नव्हे. चार माणसं ढकलत आणतात ती ट्रॉली, वर मोठी छत्री, आणि छत्रीखाली साहेब. मांडीवर कागद.

पूर्वसूचना न देता!

फलाटावर कुत्रंदेखील नव्हतं. गाडीला पाऊण तास होता. ट्रॉली येणार, साहेब रिकामा फलाट बघणार, 'शून्य' लिहिणार आणि पुढे जाणार. झिपरूच्या डोळ्यांसमोर जयश्री आली. साडेपाचला अंधारात चप्पल हातात घेऊन ओढा ओलांडणारी.

तीस वर्षांत त्याने गाडी हलल्याशिवाय हाळी दिली नव्हती. एकदा त्याचं भूक लागलेलं लेकरू खाली रडत होतं तेव्हाही नाही, एकदा गांधीलमाशा चावल्या तेव्हाही नाही. पाडा त्या हाळीवर चुलीवरचा भात उतरवायचा. झिपरूने एकदा रुळांकडे पाहिलं, एकदा पाड्याकडे. मग हात तोंडाशी नेला.

"निघालीऽऽऽ!"

पाडा उसळला. "आज एवढ्या लवकर?" कुणी विचारलं असेल, पण पळता पळता. झिपरूची हाळी म्हणजे हाळी. अर्धवट जेवलेले, तोंड न धुतलेले, एका पायात चप्पल असलेले, सगळे फलाटावर येऊन आदळले. गवताच्या भाऱ्यांनी पत्र्याचं छप्पर हललं. भिकी शेवटी आली, ठेचाळली, आणि तिची टोपली बरोबर ट्रॉलीवरून उतरणाऱ्या साहेबांसमोर कलंडली. चिंबोऱ्या चौफेर धावल्या. एक साहेबांच्या बुटावर चढली आणि तिने नांगीत नाडी धरली.

"हलू नका साहेब!" भिकी ओरडली. "ती घाबरलीय!"

"ती घाबरलीय?" साहेब एका पायावर उभे राहून म्हणाले.

या वेळी हसण्याची सुरुवात साहेबांच्या ट्रॉलीवाल्यांनी केली. मग साहेब. मग सगळा फलाट. हा साहेब नवा, तरुण होता, आणि हसताना माणसासारखा दिसत होता. चिंबोरी सुटल्यावर त्याने मोजायला घेतलं. एकशे सतरा.

मग त्याने घड्याळ बघितलं. "गाडीला अजून अर्धा तास आहे. तुम्ही आत्ताच कसे आलात?"

"गाडी निघाली ना!" चार बाया एकदम म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

सगळ्यांनी वर बघितलं. झिपरू उतरत होता. नेहमी सरसर उतरणारा माणूस, आज एकेक फास जपून टाकत होता. खाली आला, साहेबांसमोर उभा राहिला. अंगाला ताडीचा वास, छातीवर सालीचे ओरखडे.

"मी म्हणालो. गाडी निघाली नव्हती. तुमची ट्रॉली दिसली म्हणून मी खोटी हाळी दिली."

महादेवभाईंनी कपाळावर हात मारला. रूपी पुढे आली. "तीस वर्षांत एकदा खोटं बोललास," ती दात चावत म्हणाली, "आणि तेही सांगून टाकलंस!"

साहेबाने कागदाकडे पाहिलं. मग भिकीच्या टोपलीकडे, भाऱ्यांकडे, अर्धी वेणी घातलेल्या पोरीकडे.

"किती वेळात आले हे सगळे?"

"सात मिनिटं," झिपरू म्हणाला. "त्याहून जास्त कवाच नाय लागली."

"म्हणजे सव्वासातला, न सांगता, सात मिनिटांत एकशे सतरा माणसं भरलेल्या बोज्यासकट हजर होतात." साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला आणि लिहायला लागला. "बाबा, नाव काय तुमचं?"

होळीच्या आधी, एका सोमवारी, पॅसेंजर खजुरीपाड्याला थांबली. महादेवभाईंनी इंजिनापुढे नारळ फोडला. आनंदीबाईंनी बरणी रिकामी करून त्यात ड्रायव्हरसाठी चिकूचा हलवा आणला. ड्रायव्हर खाली उतरला आणि भिकीला म्हणाला, "बायकोशी भांडलो नाही आज." भिकीची ती कुरकुर त्याच्यापर्यंत कशी पोचली होती, देव जाणे. तारपा पुन्हा आला, आणि या वेळी खरंच वऱ्हाडासारखा वाजला.

"आज तरी बस गाडीत!" लोक झिपरूला खालून ओरडत होते.

"मी बसलो तर हाळी कोण देणार? तू?"

हाळी त्याने दिली होती, खरी, सात मिनिटांपूर्वी. आता शेंड्यावरून तो डोकी बघत होता. जयश्री दुसऱ्या डब्याच्या खिडकीत बसली, मान बाहेर काढून वर बघत होती. संगीताने आईची टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली, डब्याच्या दारापर्यंत धरली आणि मागे सरली. ती चढली नाही. तिला उलट्या दिशेला जायचं होतं, कारखान्याच्या पाळीला. शेवटचा डबा जाईपर्यंत ती हात हलवत राहिली, मग तोच हात पदराला पुसून चालायला लागली. झिपरूला वरून सगळे दिसतात. कमी झालेलं माणूसही.

आता दोन हजार एकोणीस उजाडलं. जयश्री परीक्षेला बसली, पास झाली, सरकारी दवाखान्यात पांढऱ्या कपड्यात उभी राहते. खिडकीवर तुमचा कागद आहे: 'प्रवासी संख्येत वाढ झाल्याने, प्रायोगिक तत्त्वावर तीन महिने.' त्या तीन महिन्यांना पुन्हा तीन, पुन्हा तीन जोडत गाडी थांबते आहे. महादेवभाईंनी तो कागद झिपरूला वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "वाढ? जुनीच माणसं हायत. एक तर कमीच झालं." आणि त्याने आयुष्यातला पहिला अर्ज सांगितला. महादेवभाईंनी एकही शब्द न बदलता लिहून घेतला:

'मी एकदा खोटी हाळी दिली. त्याच दिवशी खाली उतरून माणसांत कबूल केली. ज्याने तीन लिहिले तो अजून झाडावरच आहे. त्याला खाली उतरवा.'

पोचपावती आली. ती बरणीत आहे. पाळी सुटली की संगीता तिकीटखिडकीशी येते आणि एकच विचारते, "आला का उत्तर?" खिडकीतला माणूस मान हलवतो.

कोणी लिहिलं ते तीन? नाव सांगा. ती खिडकीशी उभी आहे.