विमानातला भोंगा गप्प राहतो तेव्हा

चाकणच्या एका कारखान्यात शिरलात की डाव्या हाताला काचेचे कपाट दिसेल. त्यात ट्रॉफ्या आहेत, सत्काराच्या शाली आहेत आणि त्यांच्या शेजारी काडेपेटीएवढा एक काळा डबा आहे. तो मी. मित्रांनो, मी विमानातला एक जुना भोंगा आहे. पाहुणे ट्रॉफ्या न्याहाळतात आणि मला मोबाइलचा चार्जर समजून पुढे जातात. मला राग येतो, पण माझी तार आता काढून टाकली आहे, त्यामुळे ओरडून सांगायची सोय नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला नीट ठाऊक नाही. एका लांबलचक टेबलावर माझी कितीतरी भावंडे ओळीने ओरडत होती आणि जो नीट ओरडत नसे त्याची रवानगी टोपलीत होत असे, एवढे आठवते. मी खणखणीत ओरडलो. म्हणून मला एका छोट्या, पण भारी वेगवान विमानात जागा मिळाली.

माझे काम समजायला सोपे आहे. विमान तरंगते ते पंखावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. नाक फार वर उचलले आणि वेग मंदावला, की हवा पंखाची साथ सोडते. इंजिन जोरात चालू असले तरी पंख विमानाला पेलत नाही. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. पंखाच्या पुढच्या कडेला पत्र्याची एक छोटी पाकळी असते. हवा साथ सोडण्याच्या बेतात आली की ती पाकळी उचलली जाते आणि मी वैमानिकाच्या कानाशी बोंब ठोकतो. साध्या शिकाऊ विमानात स्टॉल झाला तर ते म्हाताऱ्या म्हशीसारखे हळूच खाली बसते. आमचे विमान मात्र आखूड पंखांचे आणि तगड्या इंजिनाचे. ते एका अंगावर कलंडत असे, आणि तेही पटकन.

आमचे मालक, म्हणजे या कारखान्याचेही मालक, निरंजन मूळचे माण गावचे. चाकणला विमानतळ होणार, होणार असे लोक वर्षानुवर्षे ऐकत होते. तो काही आला नाही, पण निरंजननी विमान मात्र आणले. पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावर एका धावपट्टीवर ते ठेवले. शिकवायला वर्षाली मॅडम होत्या. त्या चिंचवडला वाढलेल्या, वडील लातूरकडून कंपनीत नोकरीला आलेले. बोलायला मऊ, पण शिस्तीला कडक.

पहिल्याच धड्यात गंमत झाली. खूप उंचावर नेऊन मॅडमनी नाक उचलायला लावले. मी ओरडलो. निरंजननी नाक खाली करायचे सोडून समोरच्या बटणांच्या फळीवर हात फिरवायला सुरुवात केली.

"काय शोधताय, निरंजनराव?"

"रिसेटचं बटण, मॅडम."

त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या कारखान्यात, पत्रा ठोकायच्या प्रेस शॉपमध्ये, दिवसभर कुठला ना कुठला बझर वाजत असतो. लाइन थांबली की माल घेणाऱ्या कंपनीचा फोन येतो, म्हणून आधी बझर बंद करायचा आणि मग काय झाले ते बघायचे, ही तिथली रीतच. मॅडम हसल्या नाहीत. "हा बंद करायचा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "आणि नुसता ऐकायचाही नाही. याच्या पुढे काय होतं ते तुमच्या हाताला कळलं पाहिजे."

मग त्यांनी पुढचेही दाखवले. मी ओरडतच होतो. विमानाचे नाक वरखाली करायची काठी सैल पडली, विमानाला अंगभर थरथर आली आणि डावा पंख खाली गेला. मॅडमनी काठी पुढे ढकलली, विमानाने वेग धरला, पंख सरळ झाले. निरंजन घामाने निथळले होते.

ही गोष्ट घरी पोहोचली आणि त्यांचे वडील सोपानराव पुढच्या रविवारी थेट धावपट्टीवर आले. तांबडे पागोटे, पायात करकरीत वहाणा.

"बाई, आमच्या पोराला इमान पाडायला शिकवता व्हय?"

"पडू नये म्हणून शिकवते, आबा."

"मंग त्या ल्हान इमानात शिकवा की. ह्या दांडग्यात कशापायी?"

"म्हणजे ब्रेक स्कूटरवर शिकायचा आणि रस्त्यावर ट्रेलर काढायचा?"

सोपानराव ऐकणारे नव्हते. "असा सराव करताना मानसं गेली न्हाईत का? खरं सांगा."

"गेलीत," मॅडम म्हणाल्या. "एक तर माझ्या ओळखीचा होता. म्हणून तर भरपूर उंची असल्याशिवाय मी हे करत नाही आणि यांना एकट्याला करू देत नाही. भीती मलाही वाटते, आबा."

मित्रांनो, खरे सांगायचे तर तेव्हा मला सोपानरावांचेच पटले होते. मी कशासाठी आहे मग? मी ओरडलो की नाक खाली करा आणि सुखाने घरी जा. माझ्या ओरडण्यापलीकडे जाऊन विमान थरथरवायचे म्हणजे माझ्यावर अविश्वास दाखवल्यासारखेच. पण निरंजननी धडे सोडले नाहीत, उडवायचा परवानाही मिळवला. बापलेकांचे बोलणे बंद झाले. एका घरात राहून सोपानराव सुनेकरवी निरोप धाडत. निरंजन विमान ठेवायच्या हँगरमध्ये एकटेच पंखाला टेकून बसत, तेव्हा मला त्यांची कीव येई.

खंडेनवमीला बर्फ वितळला. कारखान्यातल्या सगळ्या प्रेसची पूजा झाली आणि निरंजनच्या आई, छबूबाई, नवऱ्याला म्हणाल्या, "समद्या यंत्रांची पूजा झाली, आन् त्या इमानानं काय घोडं मारलंय?" सगळे कुटुंब हँगरमध्ये आले. हळदकुंकू वाहिले, नाकावरच्या फिरत्या पंख्याला हार घातला. पंखांच्या कडेला झेंडूच्या माळा लावायच्या होत्या. रंगावर ओरखडा नको म्हणून निरंजननी कारखान्यातली खोकी बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी आणली आणि स्वतःच्या हाताने माळा चिकटवल्या. सोपानराव बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "उद्या दसरा. शीव वलांडायची तर हवेतनंच वलांडू. मला घिऊन चल." किती दिवसांनी ते लेकाशी थेट बोलले होते! निरंजनचे डोळे भरून आले.

दसऱ्याला सकाळी निरंजननी माळा काढल्या, पट्ट्या सोलल्या. उड्डाणापूर्वी पाकळी बोटाने उचलून माझा आवाज तपासायचा असतो. रोज तपासत. पण त्या दिवशी सोपानराव घड्याळाकडे बघत उभे. "चल रं, मुहूर्त टळंल!" इतक्या दिवसांनी बोलायला लागलेल्या बापाला कोण थांबवील? निरंजन तसेच चढले. एक पट्टी राहिली होती, नेमकी पाकळीवर. काचेसारखी, कुणाला न दिसणारी.

वर सोपानराव लहान मुलासारखे खूश होते. "आपलं माण दिसंल का रं?"

"न्हाई आबा, तिकडं जायची परवानगी न्हाई. पण ते धरण बघा."

परतताना वारा मागून रेटत होता. धावपट्टीच्या रेषेत यायला वळण घेतले, तर विमान रेषेपलीकडे सरकू लागले. तिला गाठायला निरंजननी वळण घट्ट केले आणि काठी ओढली. वेग उतरला. जमीन जवळ होती, झाडांच्या फांद्या दिसत होत्या. मी ओरडायला हवे होते. माझा घसा शाबूत होता, पण पाकळी चिकटपट्टीखाली जखडलेली. मला काही कळलेच नाही, मित्रांनो. ज्या एका क्षणासाठी मला घडवले होते, त्या क्षणी मी मुका होतो.

काठी सैल पडली. हलकीशी थरथर आली. निरंजनचा हात पुढे गेला, विचार करायच्या आधीच. नाक खाली, इंजिनाला पूर्ण जोर, पंख सरळ. झाडे जवळ आली आणि मागे पडली. विमान पुन्हा वर निघाले.

"काय झालं रं?" सोपानरावांनी आसन घट्ट धरले होते.

"काय न्हाई, आबा. अजून एक चक्कर मारू."

उतरल्यावर सोपानराव जमिनीवर पाय आपटत म्हणाले, "त्ये बोंबलणारं यंत्र आज गप हुतं. म्हंजी आज झाक चालवलंस तू."

निरंजन पंखाशी गेले, कडेवरून हात फिरवला आणि पट्टी सोलून वडिलांच्या तळहातावर ठेवली. "ते गप नव्हतं, आबा. मीच त्याचं तोंड बांधलं हुतं. आन् सकाळी बघितलंबी न्हाई."

सोपानरावांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. "मंग तुला कळलं कसं?"

"हाताला कळलं. बाईंनी दाखवलं हुतं."

खाली थांबलेल्या वर्षाली मॅडम पहिले उतरणे हुकलेले पाहून धावत येत होत्या. निरंजननी त्यांना सगळे सांगितले, पाकळी न तपासल्याचेही. मॅडमनी सर्वांदेखत त्यांना झाड झाड झाडले. सोपानराव मान खाली घालून ऐकत होते, जणू बोलणी त्यांनाच बसत होती. मग त्यांनी खिशातून आपट्याची पाने काढली आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरली.

"सोनं घ्या, बाई. आन् ह्याला अजून शिकवा. पुढच्या खेपेला त्यो हादरा मला बी दावा. माझं पोर कशातनं वाचलं, त्ये मला कळू दे."

पुढे नवे यंत्र आले आणि मी या कपाटात आलो. कुणी पुसत नाही, धूळ बसते, वाईट वाटते. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या विमान चालवणार असेल, तर माझ्या नव्या भावंडांना जपा. निघण्याआधी त्यांचा आवाज रोज ऐका, मुहूर्त टळला तरी चालेल. आणि जाणत्या माणसाला शेजारी बसवून, खूप उंचावर, तो हादरा हाताला ओळखीचा करून घ्या. आम्ही जीव तोडून ओरडू. पण एखाद्या दिवशी आमचे तोंड बांधलेले असेल, आणि शेजारी तुमचे वडील बसलेले असतील.