डोंगरावर नेलेला दरवाजा

मी कान बस्तिदा नावाच्या घराचा दरवाजा. मला बोलायची सवय नाही, करकरायची आहे. पण आता बिजागऱ्याच राहिल्या नाहीत, त्यामुळे तेही संपलं. म्हणून बोलतो.

बार्सिलोनाजवळच्या मोन्सेनीच्या डोंगरात, आमच्या घरामागच्या उतारावर चेस्टनटचं एक जुनं झाड होतं. घरच्या मुलाचं, एउदाल्दचं, लग्न ठरलं तेव्हा त्याच्या वडिलांनी ते पाडलं आणि नारसिस सुताराकडून मला करून घेतलं. जाड फळ्या, आडवे पट्टे, हाताने ठोकलेले खिळे. नवी नवरी रेमेई उंबऱ्याशी आली, तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, एवढा रुंद कशाला? सासरा म्हणाला, "आज तू एकटी आत येतेयस. उद्या डुक्कर, गवताचे भारे, पोरंबाळं, सगळं ह्यातूनच जायचंय." रेमेई लाजली नाही. तिने माझ्यावर एक थाप मारली आणि आत गेली. तिचा तो हात मला आवडला.

माझ्या बिजागऱ्या जुन्या पद्धतीच्या होत्या, भिंतीतल्या लोखंडी खुंट्यांवर नुसत्या बसवलेल्या. दोघांनी खालून उचललं की मी अलगद सुटून यायचो. नोव्हेंबरात डुक्कर कापायच्या दिवशी मला असाच काढून दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकत आणि माझं टेबल करत. बायका माझ्यावर मांस चिरायच्या, लसूण ठेचायच्या, आतड्यात मसाल्याचं मांस भरून बोतिफारा, म्हणजे सॉसेज, करायच्या. पुरुष वाईन पीत उभे राहायचे आणि बायकांना उगाच शहाणपण शिकवायचे. संध्याकाळी मला राखेने घासून धूत आणि परत जागेवर बसवत. खुंट्यांवरून उतरणं म्हणजे सण, असंच मी समजत होतो.

तो समज यादवी युद्धाने मोडला. आमचा डोंगर समुद्रापासून फार लांब नाही. बार्सिलोनाकडे जाणारी विमानं त्याच्या कुशीतून जातात, आणि वर धुकं बसलं की डोंगर असा नाहीसा होतो की इथल्या शेळ्याही वाट चुकतात. युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक लढाऊ विमान वरच्या सोंडेवर आदळलं. कोणत्या बाजूचं होतं ते एउदाल्दने विचारलं नाही. मला काढून वर नेलं आणि त्यातल्या वैमानिकाला माझ्यावर ठेवून खाली आणलं. तो गेलेलाच होता. मिशी अजून नीट फुटली नव्हती त्याला. रेमेईने मला तीनतीनदा धुतलं आणि त्या वर्षी बोतिफारा घरात केल्या नाहीत.

युद्ध संपलं. उपासमारीची वर्षं आली आणि गेली. उशिरा, आशा सोडल्यावर, रेमेईला मुलगी झाली. एन्ग्रासिया. चालायला लागल्यापासून तिला माझं वेड. माझ्या खालच्या पट्ट्यावर पाय रोवायचे, कडी धरायची आणि आईला सांगायचं, ढकल. मी गोल फिरायचो, ती किंचाळायची. रेमेई म्हणायची, अगं बिजागरी झिजेल. आणि पुन्हा ढकलायची.

ती सहा वर्षांची असताना जानेवारीत तिला खोकला झाला. छाती घरघरायला लागली. वरच्या खोलीत गारठा, म्हणून तिची खाट खाली चुलीपाशी आणली. माझ्या फटींत रेमेईने चिंध्या कोंबल्या. बाहेर बर्फ पडत होतं, धुकं होतं, आणि एका संध्याकाळी डोंगराच्या वरच्या अंगाला मोठा आवाज झाला. एउदाल्द चुलीसमोरून उठला आणि परत बसला. 

सकाळी पोन्स आला. हा वरच्या रानात कोळशाच्या भट्ट्या लावायचा. एरवी मला उघडण्याआधीच त्याची थट्टा सुरू व्हायची. त्या दिवशी त्याने टोपी काढून हातात धरली होती. त्याने सांगितलं की प्रवासी विमान आहे, मोठं. जवळजवळ सगळे गेलेत. पण एक जण कण्हतोय. गावातली चार माणसं तिथेच थांबलीत, त्याला आणायला काहीतरी सपाट हवं.

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत होता.

"पोरगी आजारी आहे, पोन्स," एउदाल्द म्हणाला. "ह्या वाऱ्यात दार काढून कसं चालेल?"

रेमेई ओलं फडकं हातात घेऊन आली. "वर माणूस जिवंत आहे म्हणतोय ना हा?"

"अगं, पण ही..."

"घोंगडी टांगते मी. संध्याकाळपर्यंत तर येशील." तिने माझ्या फटीतल्या चिंध्या स्वतःच्या हाताने ओढून काढल्या. "उचला."

मला उचललं तेव्हा वारा एकदम आत शिरला. चुलीचा धूर उलटा फिरला. खाटेवरून एन्ग्रासियाने विचारलं, "बाबा, डुक्कर कापायचंय?" तो म्हणाला, नाही बाळ, हा आलोच.

वरचं काय सांगू? झाडांचे शेंडे एका रेषेत तुटले होते. बर्फ काळं पडलं होतं, रॉकेलसारखा वास सगळीकडे. एका फांदीवर बायकांचा हिरवा स्वेटर वाळत घातल्यासारखा लटकत होता. जिवंत असलेला माणूस आपल्या खुर्चीसकट लांब फेकला गेला होता. त्याला सोडवून माझ्यावर ठेवलं, खेचराच्या दोराने बांधलं. एउदाल्दने आपला कोट त्याच्यावर घातला.

सहा जणांनी आळीपाळीने मला धरलं. उतार निसरडा, पुढचा माणूस मागच्याला दिसत नाही. एके ठिकाणी एउदाल्दचा पाय गेला. तो गुडघ्यावर पडला, दगडाने गुडघा फुटला, पण माझं टोक त्याने खांद्यावर तसंच पेललं. मी कलंडलो नाही. त्या माणसाने दोन्ही हातांनी माझ्या कडा धरल्या होत्या. त्याचं रक्त माझ्यात मुरत होतं. तो आपल्या भाषेत काहीतरी विचारायचा आणि ही माणसं आपल्या भाषेत त्याला सांगायची, झालं, आलंच, आलंच.

अंधार पडला तेव्हा पोन्सच्या झोपडीपर्यंतच पोचलो होतो. पुढे जाणं शक्य नव्हतं. खाली सडकेला लागलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तिथे ट्रक होता, तालुक्याचा डॉक्टर होता. त्याने त्या माणसाचे पाय चाचपले, पाठीखाली हात घातला आणि सांगितलं की पाठीचा कणा मोडलाय, ह्या फळीवरून हलवलं तर हा इथेच जाईल. फळीसकट इस्पितळात न्यायचं.

"फळी नाही ती," पोन्स म्हणाला. "ह्याच्या घराचा दरवाजा आहे."

डॉक्टर एउदाल्दकडे वळला. "घरी दुसरी काही सोय होईल?"

एउदाल्दने माझ्या कडीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. बोटं थंडीने निळी झाली होती, कोट तर त्या माणसाच्या अंगावर होता. मग त्याने हात काढून घेतला आणि म्हणाला, "न्या."

इस्पितळात त्या माणसाला माझ्यावरून काढलं आणि मला मागच्या अंगणात कोळशाच्या ढिगाशेजारी टेकवून ठेवलं. मी कोणाचा, हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. एका धोबिणीने माझ्यावर चादरी वाळत घातल्या. बर्फ पडायचं, थांबायचं, परत पडायचं. मी त्या उघड्या चौकटीचा विचार करत होतो. घोंगडी असेल. गवताच्या पेंढ्या लावल्या असतील. एउदाल्दला कामं जमतात.

वाटा मोकळ्या झाल्यावर पोन्स गाडी घेऊन आला. हा माणूस खेचराशीसुद्धा गप्पा मारतो. त्या दिवशी अख्ख्या वाटेत त्याने एक शब्द काढला नाही.

घरी चौकटीत मेंढवाड्याचं फाटक उभं केलेलं होतं, वर घोंगडी, खाली पोती, फटींत गवत. जे जे करता येण्याजोगं होतं ते सगळं केलेलं होतं. दोघांनी ते काढून मला खुंट्यांवर चढवलं. मी आत वळलो. चुलीपाशी खाट नव्हती. रेमेई भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

तेव्हा मला कळलं. एन्ग्रासियाला मी नसलेल्या दारातून नेलं होतं.

डॉक्टर नंतर येऊन सांगून गेला म्हणे, की छाती आधीच भरली होती, दार असतं नसतं, फरक पडला नसता. तो खरं बोलला असेल. दयाळूपणाने बोलला असेल. यातलं खरं काय, हे त्या घरात कोणालाच कधी कळलं नाही, आणि ते न कळणंच दोघं जन्मभर उशाशी घेऊन झोपले.

त्यावर ती दोघं एकदाच बोलली. वसंत आला होता, एउदाल्द माझ्या बिजागऱ्यांना चरबी लावत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "डॉक्टरला नाही म्हणायला हवं होतं मी."

"दरवाजा मी दिला," रेमेई म्हणाली. "तू नाहीस दिला."

"सडकेवर मी होतो."

"दिला मी. ते माझ्याकडून घेऊ नकोस."

त्याने चरबीचा डबा उचलला आणि गोठ्यात गेला. नोव्हेंबरात तो सवयीने मला उचलायला वाकला, तेव्हा ती म्हणाली, नको, कुठून तरी फळ्या आण. त्यानंतर मी ती दोघं असेपर्यंत खुंट्यांवरून उतरलो नाही.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात तो माणूस आला. बेल्जियमचा, नाव आर्मां. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी चढण चढून. बरोबर फादर कासिया होते. फादरांना फ्रेंच येत होतं, आणि एन्ग्रासियाला मूठमाती देताना प्रार्थना त्यांनीच म्हटली होती.

आर्मां माझ्यासमोर थांबला. माझ्या कडेवरून हात फिरवला, डाग पाहिले आणि रडायला लागला. रेमेईने त्याला आत बसवलं. पावावर टोमॅटो चोळला, तेल सोडलं, बोतिफारा भाजली. तो खात राहिला, ती बघत राहिली. नीट जेव म्हणून खुणावत राहिली. आपण आता गणित शिकवतो, लग्न झालंय, असं त्याने सांगितलं. मग रुमालाने तोंड पुसून त्याने फादरांना काहीतरी विचारलं.

 फादर रेमेईला म्हणाले, "तो विचारतोय, दरवाजा इतके दिवस नव्हता, बर्फाचे दिवस होते. तुम्हाला फार त्रास झाला का?" आणि खालच्या आवाजात, "काय सांगू, रेमेई? तू म्हणशील तसं."

एउदाल्द उठला. त्याने तोंड उघडलं. रेमेईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो माझ्यातून बाहेर अंगणात गेला आणि विहिरीला हात टेकून उभा राहिला.

"सांगा त्याला," रेमेई म्हणाली, "जरा थंडी वाजली."

फादरांनी सांगितलं. आर्मां हसला, मोठं ओझं उतरल्यासारखा. त्याने तिचा हात ओठांना लावला. जाताना त्याने माझ्याकडे वळून हात केला, माणसाला करावा तसा. मला त्याचा राग आला नाही. तो गणित शिकवत होता. कुठेतरी पोरं त्याच्यापुढे बसत होती.

पुढे आणखी एक विमान धुक्यात वर आदळलं. तोवर स्ट्रेचर होते, हेलिकॉप्टर होतं. मला न्यायला कोणी आलं नाही. पण त्या सकाळी रेमेई, तोवर चांगलीच म्हातारी झालेली, माझ्या आत खुर्ची टाकून दिवसभर बसून होती. शाल गुंडाळून, वाटेकडे बघत. कोणी मागितलं असतं तर तिने मला पुन्हा दिलं असतं. हे मी तिच्या हातावरून सांगतो. तो माझ्या कडीवरच होता.

आता दोघंही नाहीत. घर शहरातल्या लोकांनी घेतलंय. चांगली माणसं आहेत, उन्हाळ्यात येतात. त्यांनी काचेचं दार बसवलं आणि मला गोठ्याच्या भिंतीला, पायवाटेच्या बाजूला टेकवून ठेवलं. खालून वाळवी लागली आहे. फार दिवस नाहीत माझे.

ह्या वाटेने लोक डोंगर चढतात. वर सोंडेवर दगड बसवलाय, त्यावर विमानात गेलेल्यांची नावं कोरली आहेत. उतरताना माणसं गोठ्याच्या सावलीत पाणी पितात, ती नावं आठवून हळू बोलतात. एखादी मुलगी माझ्यावर पाठ टेकते. मला सांगावंसं वाटतं, बाई, दगडावर एक नाव राहिलंय. ती विमानात कधी बसली नव्हती. विमान तिने जवळून पाहिलंही नव्हतं.

तुम्ही कधी इकडे आलात, वर जाऊन ती नावं वाचलीत, तर शेवटच्या नावाशी लगेच वळू नका. एन्ग्रासिया म्हणा. मोठ्याने नको. आणि मग सावकाश उतरा, धुकं यायच्या आत.